सुईने पुसलेली यादी

वहिनींनी तो फोटो कोणालाही पाठवला नव्हता. हे आधी लिहून टाकतो. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, छातीत अधूनमधून कळ येते आणि माझ्या धीराचा तर मला कधीच भरवसा नव्हता. पुढचं लिहायचं राहिलं तरी एवढं कागदावर असू दे. फोटो माझ्या दुकानातून गेला, माझ्यामुळे गेला, आणि तो कोणी नेला हे शोधायची जी एक वाट होती ती मी माझ्या हाताने बुजवली.

मी म्हैसुरात ब्लाउज शिवतो. दुकान वडिलांनी घातलेलं. आम्ही विठ्ठलाची माणसं या गावात कधीपासून आहोत ते कोणी मोजलेलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही निम्मं कन्नड. सोलापूरकडचा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून हसतो. हे लिहिताना मी बऱ्याच ठिकाणी खोडाखोड केली आहे, ती त्यामुळे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. वयाने माझ्याहून लहान, नात्याने मोठ्या. भाऊ गेल्यावर त्या दुकानात यायला लागल्या, त्याला वीसएक वर्षं झाली असतील. बायकांची मापं पुरुषाने घ्यायची नाहीत ही वडिलांची शिस्त. आधी आई घ्यायची, मग माझी बायको, आणि तिचे गुडघे धरल्यावर वहिनी. पडद्याआड त्या टेप लावायच्या आणि आकडा मोठ्याने म्हणायच्या. पडद्याबाहेर मी तो वहीत लिहायचो.

आकडे मराठीत. "छाती साडेछत्तीस. कंबर सव्वातीस. मुंढा पावणेसोळा." दुकानात चार माणसं बसलेली असायची, त्यांत कोणाचा नवरा, कोणाचा दीर. पण सव्वा आणि पावणे त्यांच्या कानावरून निघून जायचे. वडील सांगायचे, बाईचं माप ही तिने आपल्यापाशी ठेवलेली वस्तू आहे. ती ब्लाउज होऊन तिच्याच अंगावर परत जायची, दुसरीकडे कुठे नाही. हजारो बायकांची मापं आमच्या वह्यांत आहेत आणि त्यातलं एकही बाहेर गेलेलं नाही, हा आमच्या घराचा अभिमान होता.

वहिनी त्यातही गंमत करायच्या. आकड्यांच्याच सुरात, चेहरा न हलवता म्हणायच्या, "उंची चौदा, बाई दसऱ्यापासून दोन इंच फुगलीय, शिलाईत जागा सोडा, बाही साडेनऊ." पडद्याबाहेर मला ओठ चावून बसावं लागायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "काय म्हणाल्या हो?" मी म्हणायचो, "माप."

कॉम्प्युटर आणि वायफाय दुकानात एकदमच आले. आजकाल मुली फोनवर नमुने दाखवतात, असा गळा हवा, तशी पाठ हवी. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. म्हणून ट्रायलला वहिनी आपल्या फोनवर पाठीचा फोटो काढायच्या, तो वायफायवरून कॉम्प्युटरवर यायचा, आणि मोठ्या पडद्यावर मुलीला आपला गळा नीट बघता यायचा. चेहरा कधीच घेत नसत. बघून झालं की वहिनी तिच्यासमोरच फोनमधून तो काढून टाकायच्या. "नोडम्मा, डिलीट माड्दे." बघ गं बाई, पुसला.

फोनमधून पुसला. कॉम्प्युटरवर तो राहायचा. मी ठेवायचो, पुढच्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला. कोणाला विचारलं नव्हतं. माझ्या शिवणकामाचा मला गर्व होता, एवढंच त्याचं कारण.

वायफाय बसवायला आलेला माणूस चाळिशीचा होता, बोलका. मला 'मास्ट्रे', म्हणजे मास्तर, म्हणायचा. मी विचारलं म्हणून त्याने समजावून सांगितलं. "हे हवेतून जातं, मास्ट्रे. भिंत याला अडवत नाही. बाहेर पायरीवर बसलेला माणूसही पकडू शकतो. म्हणून आत जाणारी प्रत्येक गोष्ट आपण उलटीपालटी करून पाठवायची. पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्यालाच ती सुलटी दिसते. बाकीच्यांना नुसता कचरा."

मी हसलो. म्हटलं, "हे आम्ही आमच्या वडिलांपासून करतो." आणि त्याला सव्वा-पावण्याची गंमत सांगितली. तोही हसला. मग त्याने लांबलचक पासवर्ड घातला, आणि वहिनींनी तो कटिंगच्या टेबलाखाली खडूने लिहून ठेवला.

महिनाभर बरं चाललं. मग गिऱ्हाइकांचं सुरू झालं. ट्रायलला आलेल्या मुलीबरोबर चार जणी येतात, तास-तास बसतात. "मास्ट्रे, वायफाय पासवर्ड?" हातात कात्री असताना मी टेबलाखाली वाकून एकेक अक्षर सांगायचं. कॅपिटल का स्मॉल? मध्ये ती खूण कोणती? माझी मान अवघडून जायची. एक दिवस तो माणूस शेजारी आला होता, त्याला बोलावून म्हटलं, काढ हे कुलूप.

"काढू नका, मास्ट्रे. तुमचा कॉम्प्युटरही त्याच्यावर आहे. फोटोंची ती पेटी, म्हणजे फोल्डर, सगळ्यांना उघडी ठेवलीय तुम्ही."

"अरे, आमचं सगळं मराठीत. फाइलींची नावं मराठीत, मापं मराठीत. इथे कोण वाचणार?"

"सरी, बरं मास्ट्रे. दुकान तुमचं," तो म्हणाला, आणि त्याने पासवर्ड काढून टाकला.

ही गोष्ट मी देवळात भजनानंतर चार जणांना विनोद म्हणून सांगितली होती. सगळे हसले होते. फोटो वाचायला कोणतीच भाषा लागत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या चौघांच्याही आलं नाही. मराठी म्हटलं की दार बंद, अशी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

लग्नाच्या दिवसांत, एका गुरुवारी दुपारी, तो माणूस पुन्हा आला. नेट सावकाश चालतंय म्हणून मीच बोलावलं होतं. त्याने आपल्या फोनवर काहीतरी उघडलं आणि विचारलं, "दुकानात फोन किती?"

"माझा आणि वहिनींचा. आणि हा कॉम्प्युटर."

"मग ही अकरा नावं कोणाची?"

राउटरमध्ये यादी असते. कोणता फोन जोडला गेला, कधी जोडला गेला. त्यातली काही नावं गिऱ्हाइकांची असतील. काही रोज येत होती. दुकान बंद असतानाही. त्याने मला दारापर्यंत नेलं, पायरीवर उभा राहिला आणि आपला फोन पुढे केला. त्यावर एका मुलीची पाठ होती. राघूच्या रंगाचा ब्लाउज, मागे खोल गळा, खाली दोरीची गाठ आणि तिला मण्यांचे दोन गोंडे. ते गोंडे मी स्वतः केले होते. नंजनगूडची नवरी होती ती, आठवड्यापूर्वी ट्रायल देऊन गेलेली.

परक्या पुरुषाच्या हातात ती पाठ बघून मी तो फोन हाताने झाकला.

"दहा मिनिटं द्या," तो म्हणाला. "आत्ता कुलूप घालतो, पेटी बंद करतो. आणि ही यादी लिहून ठेवतो. उद्या काही झालं तर कामाला येईल."

आत पाच बायका बसल्या होत्या. एकीला त्याच कॉम्प्युटरवर नमुने बघायचे होते. मी म्हटलं, "सोमवारी ये. सोमवारी दुकान बंद असतं."

एवढंच. त्या दहा मिनिटांकडे मी रोज परत जातो. कटिंग करताना जातो, आंघोळीला जातो तेव्हा जातो. दर वेळी मी त्याला सोमवारी ये म्हणूनच सांगतो.

शनिवारी सकाळी नंजनगूडच्या पहिल्या गाडीने ती नवरी आणि तिची आई आल्या. मुलीने पदर डोक्यावरून घेतला होता, भिंतीकडे तोंड करून ती बाकावर बसली. आईने फोन माझ्या टेबलावर आपटला. तोच फोटो. कुठल्याशा ग्रुपवर फिरत होता, खाली कन्नडात एक घाणेरडी ओळ लिहिलेली. मुलाकडच्यांपर्यंत पोचला होता. ब्लाउज त्यांनीच पसंत केलेला, ओळखायला वेळ लागला नाही.

"कोणी काढला हा?" आई कन्नडात ओरडत होती. "माझ्या पोरीचा फोटो कोणी काढला?"

मी म्हटलं, "फोटो त्या काढतात."

मी खोटं बोललो नाही. चार वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. तीन शब्द, तिन्ही खरे.

वहिनी पडद्यातून बाहेर आल्या. गळ्यात टेप तशीच. त्यांनी आपला फोन आईच्या हातात दिला, बघा म्हणाल्या, तुमच्यासमोरच पुसला होता. आई म्हणाली, "आधी पाठवायचा, मग पुसायचा. आम्हाला काय कळत नाही? या वयात असले धंदे? स्वतःला मुलगी नाही, दुसऱ्याच्या मुलीची काय किंमत!"

वहिनींना मूलबाळ नाही. हे त्या बाईला कोणीतरी सांगितलं असणार, किंवा तिने सहज विचारलं असेल कधी, माप देताना.

वहिनी माझ्याकडे वळल्या आणि मराठीत, आकडे सांगायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "भावजी, तो कॉम्प्युटरवरपण होता, होय ना? तुम्ही ठेवता ते. त्यांना सांगा ना."

त्या बाईला 'कॉम्प्युटर'पलीकडे एक अक्षर कळलं नाही. त्या मुलीला कळलं नाही. दाराशी जमलेल्या चार-पाच जणांना कळलं नाही. दुकानात ते फक्त मला कळलं. आणि मीही मराठीतच उत्तर दिलं.

"आता गप राहा, वहिनी. मग बघू."

आईने विचारलं, "काय म्हणते ती?"

मी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं ते तिथे.

त्या गेल्या. पोलिसांत जायला मुलीचे घरचे तयार नव्हते, आणखी बोभाटा नको म्हणून. मी जा म्हणू शकलो असतो. उलट मला हायसं वाटलं. दाराशी जमलेली माणसं पांगली. वहिनी दिसत नव्हत्या, मला वाटलं मागच्या दाराने घरी गेल्या. मी स्टुलावर चढलो. राउटरच्या मागे सुईएवढं एक भोक असतं. त्या माणसाने बसवतानाच दाखवलं होतं, इथे कधी दाबू नका, सगळं पुसून पहिल्या दिवसासारखं होतं. मी पिनकुशनमधली गोधडीची जाड सुई घेतली आणि दाबून धरली. दहा म्हणेपर्यंत. दिवे सगळे एकदम विझले, मग एकेक करून लागले. अकरा नावं गेली. मग कॉम्प्युटरवरचे फोटो काढून टाकले.

त्यानंतर त्या माणसाला फोन केला. आत्ताच्या आत्ता ये, कुलूप घाल.

तो आला, बघितलं. "यादी गेली, मास्ट्रे."

"चुकून दाबलं गेलं."

"ते चुकून दाबलं जात नाही," तो म्हणाला. "सुई लागते."

मग त्याने चांगला लांब पासवर्ड घातला, एन्क्रिप्शन चालू केलं, राउटरच्या आत शिरायचा पासवर्डही बदलला, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करून दिलं, की गिऱ्हाइकांना नेट मिळावं आणि कॉम्प्युटर दिसू नये. पाऊण तासही लागला नाही. हे सगळं आधीच होण्यासारखं होतं. माझं दुकान त्या दिवशी पहिल्यांदा नीट बंद झालं, आणि ते मी केलं कशासाठी, तर माझी चूक आत राहावी म्हणून. तो माणूस नंतर काम सोडून दुसऱ्या गावी गेला. त्याचा नंबर आता लागत नाही. शोधून थकलो.

घरी बायकोने विचारलं, "वहिनी असं करतील?" मी म्हटलं, "कोणाच्या मनातलं कोण सांगणार?" खोटं न बोलता वहिनींवर ढकलायचं, हे त्या दिवशी मी दुसऱ्यांदा केलं.

मुलीचं लग्न मोडलं. वहिनी सोमवारनंतर चार दिवस दुकानात आल्या. गिऱ्हाइकं दारातून डोकावून विचारायची, त्या अम्मा आहेत का? मग आम्ही नंतर येतो. पाचव्या दिवशी त्या आल्या नाहीत. टेप टेबलावर घडी करून ठेवलेली होती. महिन्याभरात त्या येलवालला आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या. मी त्यांना अडवलं नाही. भेटायलाही गेलो नाही.

चार वर्षं गेली. आमच्या देवळात विठ्ठलाचे अंगरखे समाजातल्याच बायका शिवतात. वहिनींच्या हातची रेशमी काठाची जोड सगळ्यांत बारीक असायची. या वर्षी कोण शिवणार याची बोलणी चालली होती, मी ओट्यावर बसलो होतो. कोणीतरी म्हणालं, येलवालहून त्यांना बोलवू या का? एक नवी सून, तिने वहिनींना उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पटकन म्हणाली, "कोण, ती फोटोवाली अज्जी? नको, नको." बाकीच्या गप्प बसल्या. मीही तिथे होतो आणि गप्प होतो. घरी आलो तेव्हा माझ्याने चपला काढवेनात. वहिनी मेल्यावरही या गावात त्यांचं हेच नाव राहणार, आणि ते मी ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येलवालच्या बसमध्ये बसलो.

वहिनी अंगणात शेंगा निवडत होत्या. अंगाने खूप वाळल्या आहेत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पासवर्ड मी काढायला लावला. गुरुवारी मला कळलं होतं. सोमवारी ये म्हटलं. त्या शेंगा निवडतच होत्या.

"मला काय सांगता, भावजी," त्या म्हणाल्या. "मी पाठवला नाही हे मला माहीत नव्हतं काय?"

मी म्हटलं, "मला माफ—"

"ते राहू द्या. त्या दिवशी मी तुम्हाला मराठीत का सांगितलं ठाऊक आहे? गिऱ्हाइकासमोर तुमची मान खाली जायला नको. तुम्ही आपणहून बोलाल, म्हटलं. तेच मी कन्नडात बोलले असते तर आज दुकानात असते." सूप आपटून त्यांनी कचरा खाली पाडला. "मला मराठीत येऊन सांगताय. जा, कन्नडात सांगा. ज्यांना सांगायचं त्यांना."

मी नंजनगूडला गेलो. घर शोधायला दोन खेपा लागल्या. त्या आईने मला ओळखलं. दारातच उभी राहून ऐकून घेतलं. मुलीचं नंतर दुसरीकडे लग्न झालंय, एवढंच तिने सांगितलं, कुठे ते नाही. मग म्हणाली, "ती तुमच्या नात्यातली ना? आता म्हातारी झाली म्हणून तिला धुऊन काढायला आलात."

"नाही अम्मा. चूक माझी होती. दुकानाचं वायफाय उघडं होतं. कोणीही बाहेरून—"

"कोणी? नाव सांगा."

मी काय सांगणार? ते नाव त्या यादीत असेल, नसेल. यादी नव्हती.

"पुरावा नाही आणि चार वर्षांनी येता," ती म्हणाली. "तेव्हा तर म्हणालात, फोटो त्या काढतात. माझ्या अजून कानांत आहे." तिने दार लावलं. मी पायरीवर बराच वेळ बसलो. शेजारच्यांनी पाणी आणून दिलं.

परत येऊन मी एक पुठ्ठा घेतला आणि कन्नडात मोठ्या अक्षरांत लिहिला. चार वर्षांपूर्वी या दुकानातून एका मुलीचा फोटो बाहेर गेला. दुकानाच्या वायफायला पासवर्ड नव्हता, तो मी काढून टाकला होता. फोटो कॉम्प्युटरवर मी ठेवले होते. इथे मापं घेणाऱ्या अम्मांचा त्यात काहीही दोष नाही. खाली माझी सही. दुकानाच्या दर्शनी काचेवर तो लावला. बायको म्हणाली, दुकान बुडवाल. गल्लीतले म्हणाले, मास्ट्रेंचं डोकं फिरलं. एक जुनं गिऱ्हाईक पुठ्ठा वाचून आत आलं, आपलं कापड आणि जुना मापाचा ब्लाउज घेऊन न बोलता गेलं. वरुणा गावाहून आलेली एक बाई वाचून म्हणाली, "आता सांगून काय उपयोग? घरातलं माणूस वाचवताय, कळतं आम्हाला." मी तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेलो, नाही अम्मा, नाही अम्मा करत. तिने मागे बघितलं नाही.

आठव्या दिवशी वहिनी आल्या. बहिणीने फोनवर पुठ्ठ्याचा फोटो पाहिला होता, तिने सांगितलं असावं. दुकान रिकामं होतं. त्या बाहेर काचेसमोर उभ्या राहिल्या, चष्मा लावला, सावकाश वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. मी दारात उभा होतो.

"सुईचं कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

मी पुठ्ठ्यापाशी आलो.

"मी ट्रायल रूममध्ये होते, भावजी. त्या मायलेकी गेल्या तेव्हा. रडत बसले होते. पडद्याच्या फटीतून दिसलं. तुम्ही स्टुलावर चढलात, पिनकुशनमधून सुई घेतली. मला वाटलं, काहीतरी दुरुस्त करताय. माझ्यासाठी काहीतरी करताय." त्यांनी चष्मा काढला. "मग त्या माणसाला तुम्ही सांगितलंत, चुकून दाबलं गेलं. तेव्हा कळलं."

चार वर्षं त्या हे जाणून होत्या. चार दिवस हे जाणूनच दुकानात आल्या होत्या.

मी खडू घेतला, खडू पुठ्ठ्यावर उमटेना. त्यांनीच पिशवीतून पेन काढून दिलं. मोतीबिंदूमुळे ओळ नीट दिसेना, मी वाकून लिहायला लागलो. त्यांनी लिहून द्यायला हात पुढे केला नाही, आणि ते बरोबरच होतं. सहीच्या वर जागा नव्हती, म्हणून सहीच्या खाली लिहिलं: कोणी फोटो नेला ते ज्यातून कळलं असतं ती यादी मी स्वतः, मुद्दाम, सुईने पुसली. आणि पुन्हा सही केली.

त्यांनी तेवढी ओळ वाचली. आत आल्या नाहीत. टेप अजून टेबलावर तशीच घडीत आहे, मी तिला हात लावलेला नाही. येलवालची बस किती वाजता आहे ते त्यांनी मला कन्नडात विचारलं, मी कन्नडात सांगितलं, आणि त्या गेल्या.

आपल्या माणसांपैकी ज्यांना कन्नड वाचायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी तेच मी इथे मराठीत लिहिलं आहे. देवळातल्या त्या सुनेने हे वाचावं. अंगरखे अजून कोणाला शिवायला दिलेले नाहीत.